अर्धी जोडणी

आबांचं चौदावं आटोपून स्वरूपा होडगे आजऱ्याहून पुण्याला परतली, त्याच संध्याकाळी सात वाजून सहा मिनिटांनी तिच्या फोनवर हिरवी खूण उमटली. खुणेखाली रोजच्यासारखी ओळ होती : 'आबांशी बोलणं झालं. सहा मिनिटं. आबा ठीक आहेत. जेवण झालं. तुमची आठवण काढली.'

ती तेव्हा कुकरच्या शिट्ट्या मोजत होती. मोजायच्या राहिल्या आणि भाताचा पार गोळा झाला. गॅस बंद करून ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि ती ओळ तिने पुन्हा पुन्हा वाचली.

आबांना तिनेच अग्नी दिला होता. एकुलती एक लेक, तेव्हा तो मान तिचाच. दहाव्याला कावळाही झटकन शिवला. "काय बी मागं राहिलं न्हाई बघ त्यांचं," असं भावकीतल्या बायका डोळे पुसत म्हणाल्या होत्या. तिलाही ते ऐकून बरं वाटलं होतं. त्या चौदा दिवसांत तिने फोन बंदच ठेवला होता. आणि आता फोन सांगत होता, की आबा जेवले.

हा प्रकार काय होता हे कळायला थोडं मागं जावं लागेल.

फोनवर आपण बोलतो तेव्हा आवाज सलग जात नाही. त्याचे तुकडे होतात, एका सेकंदाचे जवळपास पन्नास. प्रत्येक तुकड्यावर दोन पत्ते असतात, कुठून निघालो आणि कुठे जायचंय. अशा तुकड्याला पॅकेट म्हणतात. आणि वाटेतल्या प्रत्येक चौकात उभं राहून 'तू इकडून जा, तू तिकडून' असं सांगणारं जे यंत्र, तो राउटर. सगळी पॅकेटं एकाच वाटेने जातील असं नाही. काही उशिरा पोचतात, काही पोचतच नाहीत. आवाजाच्या बाबतीत उशिरा आलेलं पॅकेट म्हणजे वरातीमागून घोडं, ते टाकूनच द्यावं लागतं. मग राहिलेलं भोक बुजवायला पलीकडचं यंत्र आधीच्या आवाजावरून अंदाज बांधतं, तेवढा तुकडा स्वतः तयार करतं आणि मध्ये चिकटवून देतं. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. हे तंत्र फार जुनं, अगदी आपल्या लहानपणीच्या फोनमध्येसुद्धा होतं.

पण बोट दिलं की मनगट धरायचं, हा यंत्राचाही स्वभाव. आधी ते सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचा अंदाज करायचं. मग जहाजावरच्या लोकांसाठी, जिथे आवाज पोचायलाच वेळ लागतो, तिथे अर्ध्या सेकंदाचा करू लागलं. मग शब्दाचा, मग वाक्याचा. शेवटी कुणाच्या तरी डोक्यात आलं, की माणूस अर्धा सेकंद हरवला तर त्याची जागा भरता येते, तर मग संध्याकाळभर हरवला तर का नाही? त्यातून 'पूर्वसाद' निघाली. तुमचे मागच्या पाच वर्षांचे फोन ऐकून ती तुमचा आवाज, तुमचे शब्द, तुमचे सुस्कारे शिकायची, आणि तुम्ही कामात असलात की तुमच्या जागी बोलायची. झाल्यावर दोन ओळींचा सारांश आणि एक हिरवी खूण.

स्वरूपाने ती तीन वर्षांपूर्वी लावून घेतली होती. एकाच नंबरासाठी, आबांच्या. आबांचा फोन रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला यायचा आणि तिच्या कचेरीत नेमक्या त्याच वेळी दिवसभराचा हिशोब मागायला वरिष्ठ बसायचे. पंधरा दिवसांपुरतं म्हणून तिने बटण दाबलं. तात्पुरतं म्हणून बांधलेलं आपल्याकडे कधी कुणी पाडत नाही, तसंच हे झालं. पहिले काही महिने ती सारांश वाचायची. पुढे नुसती खूण बघायची. गणपतीला दोन दिवस घरी जाताना मात्र गाडीत बसून मागचे सगळे सारांश घोकायची, आबांनी काही विचारलं तर पंचाईत नको म्हणून. आबांनी कधीच काही विचारलं नाही. "फोनवर रोज बोलतोयच की," एवढं म्हणून ते तिच्या पानात आणखी एक मोदक वाढायचे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता ती फोन हातात धरून बसली. सात वाजून पाच मिनिटांनी खूण आली. 'आबा ठीक आहेत.'

तिला आता सगळं लख्ख दिसलं. आजऱ्याच्या घरात आबांची घरपेटी, म्हणजे घरचा फोन जाळ्याला जोडणारी पेटी, चालू होती, आणि तिच्यात आबांचीही पूर्वसाद होती. ती रोज सातला फोन लावत होती. इकडून स्वरूपाची पूर्वसाद तो उचलत होती. एक गेलेला माणूस आणि एक हयात असून नसलेली बाई, असे दोघे रोज संध्याकाळी एकमेकांची खुशाली विचारत होते.

*

स्वरूपाचं काम काय होतं हे सांगितलं तर लोकांना दैवाची थट्टा वाटेल. ती 'पत्ता निवृत्ती कक्षा'त होती. जाळ्याला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला एक पत्ता असतो, लांबलचक आकडा. माणूस गेला, घर बंद पडलं, तरी त्याची पेटी, कॅमेरा, पाण्याचा मीटर हे सगळं चालूच राहतं. अशी बेवारस उपकरणं चोरांना आयतीच सापडतात. म्हणून कायदा झाला, की मृत्यूची नोंद झाल्यापासून तीस दिवसांत वारसाने ती उपकरणं आपल्या नावावर घ्यावीत. नाहीतर कक्षाने त्यांचे पत्ते निवृत्त करावेत. पूर्वसाद मात्र वारसालाही मिळत नसे. ज्याचा आवाज, त्याच्याबरोबर ती जायची.

निवृत्तीआधी त्या पत्त्यावर पिंग पाठवायचं. पिंग म्हणजे जाळ्यातली सगळ्यात छोटी हाक. 'आहेस का?' एवढंच विचारायचं. पलीकडे कुणी असेल तर 'आहे' असं उत्तर येतं, आणि यायला किती वेळ लागला तेही कळतं. नियम एका पिंगचा होता. स्वरूपा तीन द्यायची, आणि प्रत्येकाच्या मध्ये मिनिटभर थांबायची. कक्षातले लोक हसायचे. "मॅडम, ते काय म्हातारं माणूस आहे का, काठी शोधत यायला?"

ही सवय आबांची. ज्ञानदेव होडगे टेलिफोन खात्यात लाईनमन होते. बंद घराची लाईन तोडायचा हुकूम आला की आजऱ्याचे लाईनमन खांबावर चढायच्या आधी त्या घरी तीन रिंगा द्यायचे, भरपूर वेळ वाजू द्यायचे. कुणी उचलला तर लाईन तोडायची नाही, मग कागदावर काहीही लिहिलेलं असो.

नव्या मुलांना शिकवतानाही ती आबांचंच उदाहरण द्यायची. जाळ्यातल्या दोन यंत्रांना बोलायचं असलं तर आधी हस्तांदोलन करावं लागतं, आणि ते तीन पावलांचं असतं. पहिलं यंत्र विचारतं, ऐकू येतंय का? दुसरं म्हणतं, येतंय, तुला येतंय का? पहिलं म्हणतं, येतंय. तीन पावलं पडली की जोडणी पुरी. "माझे वडील खांबावर तार जोडून झाली की टेस्ट फोन लावून आमच्या घरीच रिंग द्यायचे," ती सांगायची. "आई काजूच्या कारखान्यात, घरी मी एकटी. ते विचारायचे, ऐकू यायलंय काय? मी म्हणायची, यायलंय आबा, तुमास्नी यायलंय काय? मग ते म्हणायचे, यायलंय गं बाये. की फोन बंद. तेवढ्यात त्यांची लाईनही तपासून व्हायची आणि लेकही." मुलं हसायची. मग ती पुढचं शिकवायची, की दुसऱ्याने उलट विचारलंच नाही, किंवा तिसरं पाऊल पडलंच नाही, तर ती जोडणी अर्धी राहते. अशी अर्धी जोडणी दिसली की बंद करायची.

तीस दिवस संपत आले तेव्हा, एका सोमवारी, कक्षप्रमुख देवस्थळी तिच्या टेबलापाशी आले. हातात आठवड्याची यादी होती.

"स्वरूपा, यात तुमच्या वडिलांचा पत्ता आहे. शुक्रवारी सहापर्यंतची मुदत. मी करून टाकू का? नातेवाइकाने करू नये असा संकेत आहे."

"संकेत आहे, नियम नाही ना सर?"

"नाही."

"मग मीच करते."

देवस्थळींनी चष्मा काढून पुसला. "पेटी नावावर घ्या हवी तर. पण ते बोलणारं मात्र जाईल. कारणाच्या रकान्यात आपलं नेहमीचंच लिहायचं, 'टोक रिकामं', आणि पुढे त्या टोकाचा पत्ता. लांबवू नका. लांबवलं की जड जातं."

ते गेल्यावर तिने आजऱ्याच्या पत्त्यावर पिंग पाठवलं. चौदा मिलिसेकंदांत उत्तर आलं. आहे.

*

सारांशामागे मूळ बोलणं साठवलेलं असतं हे तिला ठाऊक होतं. तीन वर्षांत तिने ते कधी उघडलं नव्हतं. त्या संध्याकाळी तिने यादी उघडली. एक हजार एकशे बारा फोन. ती पहिल्यापासून ऐकू लागली.

"ऐकू यायलंय काय?" आबांचा आवाज.

"हो आबा, येतंय. बोला." तिचा आवाज. हुबेहूब, अगदी 'बोला'च्या आधीचा तो छोटा सुस्कारासुद्धा.

"जेवलीस काय?"

"आत्ताच आले. जेवीन आता. तुमचा गुडघा कसा आहे?"

गुडघ्याची तिने खऱ्या फोनवर इतक्या आपुलकीने कधी चौकशी केली होती, हे तिला आठवेना. पाचव्या फोनवरही तसंच, दहाव्यावरही. आबा सांगत होते, काजूला मोहोर आलाय, यासीनच्या नातवाचं लग्न ठरलंय, नळाला पाणी दिवसाआड यायलंय. तिचा आवाज 'अरे वा' म्हणत होता, 'हो का' म्हणत होता, आणि शेवटी न चुकता म्हणत होता, "पुढच्या महिन्यात नक्की येते आबा." ते वाक्य मात्र यंत्राने तिच्याकडूनच उचललं होतं. त्यात यंत्राचा काही दोष नव्हता.

तेविसाव्या फोनला आबांनी खुशाली विचारली नाही.

"ऐकू यायलंय काय?"

"हो आबा, येतंय. बोला."

बराच वेळ तिकडून नुसता श्वास ऐकू आला. मग आबा म्हणाले, "एक इच्यारू? तू माझी रूपा न्हाईस न्हवं?"

"असं काय बोलताय आबा? मीच आहे."

"न्हाई गं. माझी पोरगी तिसऱ्या मिन्टाला कंटाळती. चिडती. 'आबा, ठेवू का' म्हणती. तू गेलं तीन आठवडं कंटाळलेली न्हाईस. तू लई गुणाची हाईस बघ, पर ती न्हाईस."

"काम जास्त असतं आबा, म्हणून तसं वाटत असेल."

"आसंल, आसंल." आबा हसले. त्या हसण्यात राग नव्हता, आणि तो असता तर स्वरूपाला फार बरं वाटलं असतं. "ऱ्हाऊ दे. तुझं काम तू कर, माझं मी करतो. रोज सातला फोन लावीन. लाईनीवरनं काय गेलंच न्हाई की मधली मशिनं समजत्यात लाईन मेली, आन तोडून टाकत्यात. आमच्या येळंला बी तसंच हुतं. तवा चालू ठेवायची. कवातरी तीच उचलंल."

स्वरूपाने फोन पालथा ठेवला आणि ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. तिच्या धंद्यात याला एक शब्द होता, 'कीप-अलाइव्ह'. जोडणी तुटू नये म्हणून दोन्ही टोकं मधून मधून एक रिकामं पॅकेट पाठवतात. त्यात काही मजकूर नसतो. 'आहे, अजून आहे', एवढाच त्याचा अर्थ. आबांना तो शब्द माहीत नव्हता, आणि त्यांनी तेच काम तीन वर्षं केलं होतं. स्वतःच्या लेकीच्या यंत्राला त्यांनी रोज काजूच्या मोहोराची बातमी दिली होती, केवळ तार जिवंत राहावी म्हणून. तिला स्वतःची इतकी शरम वाटली, की समोरच्या इमारतीतल्या अनोळखी बाईने हात हलवला तेव्हाही तिने मान खाली घातली.

पुढचे फोन ऐकताना तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. आबा रोज सुरुवात त्याच प्रश्नाने करायचे आणि मग थोडं थांबायचे. उत्तरानंतरही थांबायचे. तिने उलट विचारावं म्हणून. यंत्र विचारत नव्हतं, कारण ते तिच्या ज्या पाच वर्षांच्या फोनांवर वाढलं होतं त्यांत तिनेही कधी विचारलं नव्हतं.

बुधवारी मधले शेकडो फोन ओलांडून तिने आबांचा शेवटचा खरा फोन ऐकला. आवाजाला धाप होती.

"उद्यापास्नं माझ्या जागी बी मशिन बसवतोय. यासीननं लावून दिलंय. मला गडहिंग्लजला दवाखान्यात जायचंय, किती दिस लागत्यात कुणास ठावं. तुमचं तुमी बोलत बसा दोगं. पर लाईन बंद पडू देऊ नगा."

"काळजी घ्या आबा. पुढच्या महिन्यात नक्की येते."

"ये की," आबा म्हणाले.

त्यानंतरचे नऊ दिवस आबा दवाखान्यात होते, आणि तिच्या फोनवर रोज खूण येत होती. आबा ठीक आहेत. दहाव्या दिवशी आबांचे जुने सोबती यासीनचाचांनी कचेरीत फोन करून आबा गेल्याचं कळवलं, तेव्हा ती त्यांच्यावरच ओरडली होती, की कालच तर बोलणं झालंय.

*

गुरुवारी सकाळची गाडी पकडून ती आजऱ्याला पोचली तेव्हा चार वाजून गेले होते. किल्ली यासीनचाचांकडे होती. यासीन दरवाजकर आबांबरोबर तीस वर्षं खांबावर चढलेले, आता पंच्याहत्तरीला टेकलेले. दार उघडून देताना ते तिच्याकडे बघत नव्हते.

"चाचा, मला का नाही कळवलंत, दवाखान्यात होते तेव्हा?"

"त्यानंच नको म्हटलं. कामात असती म्हणाला." चाचांनी कुलूप खिशात टाकलं. "मी म्हटलं, आरं, पोरीला बलीव. तर म्हणाला, बलवून आलेली नको मला, फोन उचललेली पायजे. मला तर काय बी कळालं न्हाई त्याचं बोलणं."

स्वरूपाला कळलं. तिने चप्पल काढली.

दोन खोल्यांचं घर, पत्र्याचं. दिवाणाशेजारच्या कोनाड्यात घरपेटी होती आणि तिच्यावर आबांनी आईच्या हातचा क्रोशाचा रुमाल घातला होता. रुमालाखाली पिवळा दिवा जळत होता.

"चाचा, उद्या सहाच्या आत हे मी बंद करणार आहे. आज शेवटचा फोन."

चाचांनी मान डोलावली. "तीन रिंगा देऊनच तोड. रीत हाय."

"उचलला तर?"

"उचलला तर तोडायची न्हाई." एवढं म्हणून चाचांना स्वतःच्या बोलण्यातली मेख कळली असावी. ते दाराकडे वळले. "मी चा आणतो घरनं."

पावणेसातला तिने स्वतःची पूर्वसाद बंद केली. 'आता फोन तुम्हालाच घ्यावा लागेल. खात्री आहे?' असं फोनने विचारलं. तीन वर्षांत तिला इतका साधा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तिने 'हो' दाबलं आणि दिवाणावर पेटीसमोर बसली.

प्रत्येक पॅकेटला निघतानाच आयुष्याचा एक आकडा दिलेला असतो, समजा चौसष्ट. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. आकडा शून्यावर आला, की पॅकेट तिथेच संपतं, मग ते पोचलेलं असो वा नसो. वाट चुकलेली पॅकेटं जाळ्यात कायमची भटकत राहू नयेत म्हणून ही सोय. नव्या मुलांना हे सांगताना स्वरूपा मजेत म्हणायची, की माणसांसाठी अशी सोय नाही. आता त्या मजेची तिला भीती वाटली.

सातला दिवा हिरवा झाला. कोनाड्यातून निघालेली हाक गडहिंग्लज, कोल्हापूर करत पुण्याला गेली, कारण तिचा नंबर पुण्याच्या पत्त्याला बांधलेला होता, आणि तिथून उलटी फिरून हातभर अंतरावरच्या तिच्या फोनवर आली. फोन वाजला. दुसरी रिंग पुरी व्हायच्या आत तिने उचलला.

"ऐकू यायलंय काय?"

आबा. धाप नसलेले, दोन वर्षांपूर्वीचे आबा. कोनाड्यातला दिवा त्या शब्दांबरोबर लुकलुकला आणि थांबला. ते थांबणं तिला आता ओळखीचं होतं.

तिच्या तोंडून आवाज निघाला तो पुण्याचा नव्हता.

"यायलंय आबा. तुमास्नी यायलंय काय?"

दिवा लुकलुकला नाही.

ती थांबली. म्हातारं माणूस उत्तर द्यायला वेळ घेतं, असं स्वतःला सांगून थांबली. एक मिनिट गेलं. फोनमध्ये बारीक खरखर होती. ती खरी नसते. अगदी कोरी शांतता ऐकली तर लोकांना लाईन गेली असं वाटतं, म्हणून यंत्र ती मुद्दाम भरतं. त्या खरखरीमागे कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं.

"आबा, मी हाय. रूपा. मी उचललाय फोन."

काही नाही.

तेव्हा तिला कळलं. यंत्र माणसासारखं बोलतं ते माणूस जे बोललाय त्यावरून. आबांनी हजार वेळा प्रश्न विचारला होता, आणि हजार वेळा 'बोला' ऐकून पुढे गुडघ्याकडे वळले होते. लेकीने उलट विचारल्यावर आबा काय म्हणतात, हे त्या यंत्राने कधी ऐकलंच नव्हतं. लहानपणीचं ते 'यायलंय गं बाये' खांबावरच्या तारेतून गेलं होतं, त्याची नोंद जगात कुठेच नव्हती. तिच्या डोक्यात सोडून.

तिने फोन ठेवला. चाचांची रीत आठवून तिने स्वतः रिंग दिली. पेटीने पहिल्याच रिंगला उचलला. "ऐकू यायलंय काय?" तिने विचारलं, तुमास्नी यायलंय काय. खरखर. तिने तो ठेवून दुसऱ्यांदा रिंग दिली. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा दिली, तेव्हा तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती अक्षरशः ओरडत होती, की आबा, एकदा म्हणा, एकदाच म्हणा.

चाचा चहाचा पेला घेऊन उंबऱ्यात उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"उचलला काय त्यानं?"

"उचलला. तिन्ही वेळा."

"काय म्हणाला?"

"काही नाही चाचा. काय म्हणायचं ते त्यांना ठाऊकच नाही. मी कधी विचारलंच नव्हतं ना."

चाचांनी पेला खाली ठेवला. पुढे होऊन तिच्या हातातून फोन घ्यावा असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांचा हात अर्धा उठला. मग त्यांनी तो तसाच मागे घेतला आणि तिच्याशेजारी दिवाणावर बसले. फोन चालूच होता. आबांनी उभ्या जन्मात कधी लेकीच्या आधी फोन ठेवला नव्हता, त्यामुळे पेटीलाही ते येत नव्हतं. ठेवायचं काम नेहमी स्वरूपाचं असे. त्या संध्याकाळी ती फोन कानाला लावून खरखर ऐकत बसून राहिली, आणि चहावर साय धरली.

*

शुक्रवारी दुपारी त्याच दिवाणावर बसून तिने लॅपटॉपवर निवृत्तीचा फॉर्म उघडला. आदल्या दिवशी ज्याला 'उचलला' म्हटलं होतं, ते उचलणं नव्हतं, हे आता तिच्या मनाने घेतलं होतं. तिसरं पाऊल पडलं नव्हतं. जोडणी अर्धी होती, आणि अर्धी जोडणी बंद करायची हे ती स्वतःच शिकवत आली होती. तिने पेटीवरचा रुमाल घडी घालून पिशवीत ठेवला.

कारणाच्या रकान्यात तिने हजारो वेळा लिहिलेले दोन शब्द लिहिले : टोक रिकामं.

बंद करायचा पत्ता फॉर्मच्या डोक्यावर होताच; पुढच्या रकान्यात नुसता त्या रिकाम्या टोकाचा पत्ता लिहायचा होता. तिथेही आजऱ्याचाच पत्ता फॉर्मने आपणहून भरून ठेवला होता. तिने तो खोडला आणि पुण्याच्या घराचा, स्वतःचा, लिहिला. मग त्यापुढे टोक किती काळ रिकामं आहे असं विचारलं होतं, तिथे लिहिलं, तीन वर्षं, आणि सही केली.

कोनाड्यातला दिवा विझला. बाहेर चाचा नळाला पाणी आलंय म्हणून हाका मारत होते, तिने लगेच ओ दिली.